दुसऱ्याच्या गाडीतले न्यायमूर्ती

अपील न्यायालयाचे न्यायमूर्ती मॅलकी टार्पी यांना गाडी चालवता येत नव्हती. आयर्लंडच्या पश्चिमेला ही गोष्ट तुरुंगात जाऊन आल्यापेक्षा लाजिरवाणी. तुरुंगातून माणूस निदान काही शिकून तरी येतो. तिकडे नव्वदीची म्हातारी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन रविवारी चर्चला गाडी नेते. समोरच्याने बाजूला व्हायचं, एवढाच नियम.

मॅलकीने परीक्षा तीनदा दिली. तिसऱ्या वेळी परीक्षक गाडी पुरती थांबायच्या आधीच उतरला आणि चालत कचेरीत गेला. पुढे १९७९ साली परीक्षेची वाट बघणाऱ्यांची रांग इतकी वाढली की सरकारने हात टेकले आणि शिकाऊ परवानेवाल्यांना सरसकट पक्के परवाने वाटून टाकले. परीक्षा नाही, काही नाही. अर्धा देश त्या दिवशी पास झाला. मॅलकीचा शिकाऊ परवाना तीन आठवड्यांपूर्वी संपला होता. नूतनीकरणाचा अर्ज त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात होता. पाकिटावर तिकीटही चिकटवलेलं होतं. पेटीत टाकायचं तेवढं राहिलं.

"आणि हा माणूस दुसऱ्यांची मुदत चुकली म्हणून अपिलं फेटाळतो," असं ह्यूबर्ट स्केरेट प्रत्येक मेजवानीत सांगायचा. त्याला सांगायचा हक्क होता. चाळीस वर्षं मॅलकी त्याच्याच गाडीतून फिरत होता.

मॅलकीचे वडील मेंढ्यांच्या बाजारात दलाल होते. बोलायचे खूप, हाती काही लागायचं नाही. घर चालायचं ते आईच्या, विनीच्या पगारावर. विनी गॉलवे परगण्यातल्या किलकोरन गावच्या टेलिफोन एक्स्चेंजवर होती. आजूबाजूच्या सात गावांतला प्रत्येक फोन तिच्या हातून जोडला जायचा, आणि जोडून दिल्यावर तो नीट चाललाय ना, हे बघण्यासाठी ती शेवटपर्यंत ऐकायची. कामात कुचराई तिला आवडत नसे.

"अर्धा फोन ऐकणारा माणूस गावात भांडणं लावतो," ती मॅलकीला सांगायची. "ऐकायचं तर शेवटपर्यंत ऐकावं, नाहीतर ऐकूच नये."

मॅलकी बॅरिस्टर झाला तेव्हा त्याच्याकडे कोर्टात डोक्यावर घालायचा, एका मेलेल्या वकिलाचा जुना टोप होता. घोड्याच्या केसांचा, तंबाखूचा वास मारणारा, आणि त्यासाठी पत्र्याचा एक डबा. अंगावरचा झगा उसना होता. डब्लिनच्या बॅरिस्टरांना स्वतःची कचेरी नसते. सगळे एकाच वाचनालयात लांबलचक टेबलांशी बसतात. दारात एक पुकारणारा माणूस असतो. सॉलिसिटर येतो, त्याच्या कानात नाव सांगतो, आणि तो ते नाव खड्या आवाजात पुकारतो. नाव पुकारलं म्हणजे काम आलं. म्हणून नवे पोरगे मित्रांना पाठवून स्वतःचं नाव पुकारून घेत, आणि मग घाईघाईने, जणू चौथ्यांदा उठावं लागतंय अशा वैतागाने, दाराकडे जात.

मॅलकीला तशी गरज पडली नाही. पुकारणाऱ्या क्विर्कचा आवाज आठवड्यातून दोनदा घुमायचा, "मिस्टर टार्पी!" दोनशे माना वर व्हायच्या. "तुमच्या आईचा फोन!"

पहिलं खरं काम आईनेच मिळवलं. १९७७च्या मार्चमध्ये गॉलवेच्या कॉइन नावाच्या सॉलिसिटरने डब्लिनच्या एका नावाजलेल्या बॅरिस्टरचा नंबर मागितला.

"ते नाहीत हो," विनी म्हणाली. "मासे धरायला गेलेत. आठवडाभर तरी येत नाहीत."

"अरे देवा. माझी तारीख तर गुरुवारची आहे."

"एक टार्पी म्हणून आहे, साहेब. फार नाव ऐकते मी त्याचं अलीकडे."

"कुठे ऐकलंत?"

"फोनवर. आणखी कुठे ऐकणार मी!"

यात खोटं काही नव्हतं. फोनवर ते नाव रोज घेणारी तीच होती.

खटला डीलिया कॅनव्हनचा होता. वय तिशीचं, लग्न केलेलं नाही, समुद्राकाठी चार एकर दगड आणि त्यांच्यामधून डोकावणारे बटाटे. बटाट्यांच्या वाफ्यांना खत म्हणून शेवाळ लागतं आणि शेवाळ किनाऱ्यावर मिळतं. किनाऱ्याची वाट शेजारच्या फेस्टस मॅनियनच्या जमिनीतून जायची. तीनशे पावलं. डीलियाची आजी त्या वाटेने गेली, आई गेली, गाढव गेलं. आदल्या वर्षी फेस्टसने वाटेच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसवलं. का, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. फाटक स्वस्तात मिळालं होतं, हे एक कारण असावं.

मॅलकीने गुरुवारपर्यंतच्या रात्री जागून नऊ पानांचं टिपण तयार केलं. टाइपरायटर जुना, कुणीतरी वापरलेला होता. त्यातलं एक अक्षर ओळीच्या वर उडी मारायचं. टिपणाचा मुद्दा साधा होता. वहिवाटीचा हक्क मिळवायला वीस वर्षं त्या वाटेने जावं लागतं, तेही जबरीने नाही, चोरून नाही, कुणाच्या मेहरबानीने नाही. फाटकानंतर काय झालं, हे बघूच नका, त्याने लिहिलं. फाटकाआधीची वर्षं मोजा. आजीपासून मोजलं तर पन्नास भरतात. हक्क केव्हाच पिकून हातात पडला होता. फेस्टसने कुंपण घातलं ते फळ खाऊन झाल्यावर.

त्याला स्वतःलाच ते वाचून अंगावर काटा आला. चांगलं झालं की येतो तसा.

गुरुवारी तो ह्यूबर्टच्या गाडीतून गॉलवेला गेला. ह्यूबर्ट डॉक्टरांचा मुलगा. त्याच्याकडे बाटलीसारख्या हिरव्या रंगाची गाडी होती आणि फेस्टस मॅनियनचं वकीलपत्रही. वकिलांच्या बारमध्ये यात कुणाला काही वाटत नाही. दिवसभर एकमेकांची सालं काढायची, संध्याकाळी पेट्रोल निम्मं निम्मं. कोर्टासमोर गाडी थांबली तेव्हा ह्यूबर्ट एका बिशपची आणि त्याच्या पोपटाची गोष्ट संपवत होता. दोघंही पोट धरून हसत उतरले. समोरच्या चहाच्या दुकानाच्या काचेआड डीलिया कॅनव्हन बसली होती.

पाच मिनिटांनी ती कोर्टाच्या पायरीवर आली.

"तुम्हीच का टार्पी?"

"हो. नमस्कार, मिस कॅनव्हन."

"लांबून आलात. कसे आलात?"

मॅलकीच्या डोळ्यांसमोर हिरवी गाडी आली. फेस्टसचं नाव आलं. समोरच्या बाईचे नीट पुसलेले बूट दिसले.

"बसने," तो म्हणाला.

"बरी होती का बस?"

"गर्दी होती जरा."

डीलियाने मान हलवली. टिपण मागितलं. तिथेच पायरीवर उभं राहून तिने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मॅलकी थंडीत पाय बदलत राहिला. वाचून झाल्यावर तिने शेवटच्या पानाचा, त्याची सही असलेला कोपरा फाडला आणि त्याच्या हातात दिला.

"हे तुमचं," ती म्हणाली. पानं घडी करून तिने पिशवीत ठेवली. "हे माझं. कागद चांगला आहे. कोर्टात तुम्ही मला नकोत."

"अहो, पण दहा मिनिटांत खटला पुकारतील!"

"तारीख मागून घेते. तारखा मिळतात ना इथे? बाकी काही मिळत नाही म्हणतात."

तारीख मिळाली. पण त्या तारखेला डीलिया आलीच नाही, पुढच्याही नाही. तिने दुसरा उपाय काढला होता. रोज सकाळी ती फाटक बिजागरीच्या खुंट्यांवरून उचलून खाजकुयलीत आडवं टाकायची आणि किनाऱ्यावर जायची. रोज संध्याकाळी फेस्टस ते उचलून परत अडकवायचा. वर्षभराने त्याने वरची खुंटी उलटी बसवली. वरची उलटी आणि खालची सुलटी असली की फाटक उचलून निघत नाही, खुंटीचा नटच सोडवावा लागतो. दुसऱ्या दिवसापासून डीलिया पाना घेऊन येऊ लागली. छत्तीस वर्षं हे चाललं. दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. एका हिवाळ्यात फेस्टस महिनाभर अंथरुणाला खिळला. संध्याकाळी फाटक लावायला कुणी नव्हतं. तेव्हा डीलियाच किनाऱ्यावरून येताना ते लावून जायची आणि सकाळी येऊन पुन्हा काढायची.

यातलं मॅलकीला काहीच माहीत नव्हतं. त्याच्याकडे फक्त तो कोपरा होता. कोपरा त्याने टोपाच्या डब्यात ठेवला आणि बारच्या मेजवान्यांत चाळीस वर्षं तो डब्यातून काढून दाखवला.

"मित्राच्या गाडीत बसलो म्हणून अशिलाने कोर्टाच्या पायरीवर हाकललेला मी आयर्लंडमधला एकमेव वकील," असं सांगून तो कोपरा फिरवायचा. टेबल हसून खाली बसायचं. बसचा उल्लेख तो करत नसे. गोष्ट लांबते म्हणून, असं तो स्वतःला सांगायचा.

त्याची वकिली धावली नाही, पण चालली. तो काही मोठा वक्ता नव्हता. ह्यूबर्ट उभा राहिला की ज्यूरीतल्या बायका रुमाल काढत. मॅलकी उभा राहिला की न्यायाधीश घड्याळ काढत. पण त्याला एक खोड होती. तो कागद शेवटच्या पानापर्यंत वाचायचा. जोडपत्रं, त्यांची जोडपत्रं, पाठकोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहिलेला हिशेब, सगळं. आईने फोन ऐकला तसं. एवढ्या एका गोष्टीवर माणूस कुठवर जाऊ शकतो, याचा अंदाज बाकीच्या वकिलांना फार उशिरा आला. पंचेचाळिसाव्या वर्षी तो ज्येष्ठ वकील झाला, छप्पन्नाव्या वर्षी न्यायाधीश. तोवर विनी टार्पी कबरीत आणि गावचं एक्स्चेंज यंत्रावर गेलं होतं. शपथविधीला क्विर्क काठी टेकत आला आणि दारातून ओरडला, "मिस्टर टार्पी! तुमच्या आईचा फोन!" मॅलकी त्या दिवशी तेवढ्यापुरताच रडला.

ह्यूबर्ट त्याच्या आधीच हायकोर्टावर गेला होता. मग नवं अपील न्यायालय निघालं आणि मॅलकीला तिथे नेमलं. अपील न्यायालयाचं काम म्हणजे तिघांनी मिळून एकाची चूक शोधायची. तो एक बहुधा आपला मित्र असतो आणि दुपारी त्याच्याच शेजारी बसून बटाट्याचं सूप प्यायचं असतं. म्हणून गाडीत दोघांचा नियम होता. कोर्टात असलेल्या कुठल्याच प्रकरणावर बोलायचं नाही. मग बोलायचं काय? रस्त्यातले खड्डे, ह्यूबर्टचे गुडघे, आणि गॉलवेचा हर्लिंगचा संघ यंदा कसा हरणार.

२०१६च्या सप्टेंबरातल्या एका शनिवारी मॅलकी सोमवारच्या अपिलाचे कागद घेऊन बसला. गोल्फचं मैदान बांधणारी एक कंपनी, विरुद्ध डीलिया कॅनव्हन, वय सत्तर, वकील नाही, स्वतःच बाजू मांडणार.

नाव वाचून तो ताठ बसला. फेस्टस वारला होता. पुतण्याने जमीन विकली होती. कंपनीने वाटेवर भिंत घातली, बाईने भिंतीतलं नवं फाटक पान्याने सोडवलं, कंपनीने हायकोर्टातून मनाई हुकूम मिळवला. निकाल न्यायमूर्ती स्केरेट यांचा. चाळीस वर्षांपूर्वीचं, तारखांपुढे न गेलेलं फेस्टसचं वकीलपत्र ह्यूबर्ट विसरला असावा, आणि बाईनेही ते काढलं नव्हतं. अकरा पानं. त्यातलं दीड पान नुसतं पान्यावर. 'छत्तीस वर्षं रोज सकाळी लोखंडी हत्याराने फाटक उखडणं, याला कोणताही शहाणा माणूस शांत वहिवाट म्हणणार नाही.' वाक्य झोकात होतं. ह्यूबर्टची वाक्यं झोकातच असायची. पण फाटकाआधीच्या पन्नास वर्षांबद्दल निकालात अवाक्षर नव्हतं.

मॅलकी पुढे वाचत गेला. शेवटच्या जोडपत्रावर त्याचा हात थांबला. नऊ पिवळी पानं. एक अक्षर ओळीच्या वर उड्या मारत चाललेलं. शेवटच्या पानाचा कोपरा नव्हता.

त्याने टोपाचा डबा उघडला. कोपरा काढून पानाला लावला. बरोबर बसला.

ह्यूबर्टने हे जोडपत्र वाचलंच नव्हतं. निकालाची तारीख मॅलकीने पाहिली. शुक्रवार. शुक्रवारी दुपारी दोघं गॉलवेला घरी निघायचे, आणि ह्यूबर्टला गर्दीच्या आधी शहराबाहेर पडायची घाई असायची.

आता नियम सांगायला कुणी नको होतं. या प्रकरणात आपण एकदा त्या बाईचे वकील होतो. म्हणजे बाजूला व्हायचं, आजच, एका फोनने. पण कागदावर नाव नव्हतं. मेजवान्यांत त्याने बाईचं नाव कधी घेतलं नव्हतं, बाईलाही आठवण असेल-नसेल. खंडपीठावर मधल्या खुर्चीत ऑर्ला प्रेंडरगास्ट होत्या. शुक्रवारीच त्या म्हणाल्या होत्या, "पाना घेऊन फिरणारी म्हातारी? अर्ध्या तासाचं काम." तिसरे न्यायमूर्ती जो शेवटी बोलेल त्याच्या बाजूचे, हे सगळ्या इमारतीला माहीत होतं. आणि शेवटी बोलायची पाळी मॅलकीची असायची. तो बसला तर म्हातारीला वाट मिळणार होती. तो उठला तर बहुतेक जाणार होती. आणि खरं सांगायचं तर, सव्विसाव्या वर्षी लिहिलेली ती नऊ पानं एकदा तरी जिंकलेली त्याला बघायची होती.

रविवारी जेवताना त्याची बायको इटा म्हणाली, "काल सकाळपासून तू त्या डब्याकडे बघतोयस. काय आहे त्यात?"

"काही नाही. जुनं एक दुखणं."

इटा दातांची डॉक्टर होती. "दुखतंय तर काढून टाक," ती म्हणाली आणि कोबी वाढली.

त्याने काढलं नाही. सोमवारी ह्यूबर्टच्या गाडीतून, खड्ड्यांवर बोलत, तो कोर्टात आला आणि डाव्या खुर्चीवर जाऊन बसला. कोपरा मात्र खिशात होता.

डीलिया कॅनव्हन उभी राहिली. पावसाळी कोट, नीट पुसलेले बूट, हातात पिशवी.

"सुरू करण्याआधी माझी एक हरकत आहे," ती म्हणाली. "डाव्या हाताच्या साहेबांवर."

"कसली हरकत?" प्रेंडरगास्टबाईंनी विचारलं.

"मी पहाटेच्या बसने आले. कोर्टासमोर नदीकाठी उभी होते. आज सकाळी ते कोणाच्या गाडीतून आले, ते त्यांनी सांगावं."

कंपनीचा बॅरिस्टर अर्धवट उठला, हसला, बसला. प्रेंडरगास्टबाई मॅलकीकडे वाकल्या आणि ओठ न हलवता म्हणाल्या, "ही काही हरकत झाली नाही. अशाने देशात एकही न्यायाधीश उरणार नाही. आपण पुढे जाऊ."

त्या अगदी बरोबर बोलत होत्या. मान हलवली की काम झालं. मॅलकीने समोर बघितलं. तेच डोळे होते, तीच वाट बघण्याची पद्धत. चाळीस वर्षांपूर्वी पायरीवर उभं केलं होतं तसंच तिने त्याला पुन्हा उभं केलं होतं, आणि या वेळी तर तो बसलेला होता.

"स्केरेटसाहेबांच्या गाडीतून," तो म्हणाला. "ज्यांच्या निकालावर तुमचं अपील आहे, त्यांच्याच. रोज त्यांच्याच गाडीतून येतो. मला गाडी चालवता येत नाही."

मागच्या बाकांवर कुणीतरी फिस्सकन हसलं. लिपिकाने खोकला काढला.

"बसने नाही ना?" डीलियाने विचारलं.

"नाही. आणि तेव्हाही बसने आलो नव्हतो."

कोर्टात कुणाला काही कळलं नाही. मॅलकीने खिशातून कोपरा काढून लिपिकाकडे दिला.

"बाईंची हरकत बरोबर आहे, कारण तेवढं चुकीचं आहे. गाडीसाठी मी उठायची गरज नाही. पण शेवटच्या जोडपत्राचा हा उरलेला तुकडा. सही माझी आहे. १९७७ साली पंधरा मिनिटं मी यांचा वकील होतो. मला हे अपील ऐकता येणार नाही."

प्रेंडरगास्टबाईंनी कोपरा पानाला लावून पाहिला. मग पहिल्यांदाच त्या पानावरचा मजकूर वाचू लागल्या. बराच वेळ वाचत राहिल्या.

"टार्पी," त्या हळूच म्हणाल्या, "हे तुम्ही शनिवारी सांगायला हवं होतं."

"हो. हवं होतं."

"म्हणजे आता पुन्हा तारीख?" खालून डीलियाने विचारलं.

"पुन्हा तारीख, बाई. नवे तीन न्यायाधीश."

"बरोबर आहे. बाकी काही मिळत नाहीच म्हणा इथे."

मॅलकी उठला. झगा खुर्चीच्या हातात अडकला, त्याने ओढला, तो टरकन फाटला. न्यायमूर्ती टार्पी आपल्या कारकिर्दीतला सगळ्यात सरळ निर्णय असा फाटक्या झग्यात देऊन गेले.

संध्याकाळी गाडीत ह्यूबर्टने तीन सिग्नल ओलांडले. मग म्हणाला, "माझी गाडी कोर्टाच्या नोंदीत आली म्हणे."

"नियम आहे, ह्यूबर्ट. बोलायचं नाही."

"मी प्रकरणावर कुठे बोलतोय? मी गाडीवर बोलतोय." आणखी एक सिग्नल गेला. "नऊ पानं होती का रे?"

"ह्यूबर्ट."

"बरं, बरं. खड्डा बघ केवढा आहे."

निकाल फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी लागला. नव्या तिघांनी एकमताने ह्यूबर्टचा निकाल उलटवला. हक्क फाटकाआधीच पुरा झाला होता. त्यानंतर बाईंनी जे पान्याने केलं ते आपल्या वाटेतला अडथळा दूर करणं होतं, बाकी काही नाही. कंपनीने तीनशे पावलांची वाट मोकळी करावी. निकालात नऊ पानांच्या टिपणाचा उल्लेख होता, 'ज्याचा कोपरा आता पिनेने जोडला आहे' असा.

कोर्टाच्या घुमटाखाली मॅलकी उगाच उभा होता. आपण इथे का उभे आहोत, ते त्याने स्वतःला विचारलं नव्हतं. डीलिया पिशवी घेऊन समोर आली.

"जिंकला तुमचा कागद," ती म्हणाली.

"तुमचा. तुम्ही ठेवून घेतला होता." मग तो म्हणाला, "घरी कशा जाणार?"

बाहेर वादळ सुरू होतं. पश्चिमेकडच्या सगळ्या बस रद्द झाल्याचं दुपारीच जाहीर झालं होतं.

"बघते काहीतरी."

"आम्ही गॉलवेलाच निघालोय. तुमचं गाव पुढे तासाभरावर. सोडतो की."

डीलियाने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "गाडी कोणाची?"

"ज्यांचा निकाल आत्ता उलटला त्यांची."

मॅलकीने तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं. वरचा एक दात नव्हता.

ह्यूबर्टने दार उघडून धरलं, मागच्या सीटवर शाल पसरली. डॉक्टरांच्या घरातले संस्कार. गाडीने शॅनन नदी ओलांडली. पावसाचे सपकारे काचेवर येत होते.

"पान्यावर दीड पान लिहिणारे ते तुम्हीच?" मागून आवाज आला.

"मीच," ह्यूबर्ट म्हणाला.

"नंबर चुकला होता तुमचा. एकोणीसचा आहे तो. तुम्ही सतराचा लिहिलंत. सतराचा त्या नटावर बसणारच नाही."

"दुरुस्ती करून घेता येईल."

"राहू द्या. उलटलाच आहे."

ह्यूबर्ट इतका हसला की गाडी पांढऱ्या रेघेवर गेली. प्रकरण संपलं होतं. आता नियमही लागू नव्हता. त्याने बिशपची आणि पोपटाची गोष्ट काढली, आणि १९७७ साली त्या दोघांना एवढं हसवणारं काय होतं ते डीलियाने शेवटी ऐकलं.

"यात हसण्यासारखं काय आहे?" ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "गाडीमुळे नव्हतं हाकललं मी तुम्हाला, टार्पी."

मॅलकी मागे वळला. "मग?"

"बसमुळे. दोन वकील एका गाडीत बसले तर काय बिघडतं? फेस्टसचा बैल आणि आमची गाय एकाच ट्रॉलीतून बाजाराला नेलीय मी. पण मी काचेतून बघितलं होतं, आणि तुम्ही गर्दी होती म्हणालात."

ह्यूबर्टने भुवया वर करून मॅलकीकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या मेजवान्यांत ही बस त्याने ऐकलेली नव्हती.

"बस?" तो म्हणाला.

"रस्त्यावर लक्ष दे," मॅलकी म्हणाला.

गाव दिसायला लागलं तेव्हा अंधार पडला होता, वाराही पडत आला होता. बंद पडलेल्या दूध डेअरीपाशी डीलियाने सीटवर थाप मारली.

"इथेच थांबवा."

"अहो, अर्धा मैल आहे अजून," ह्यूबर्ट म्हणाला. "दारापर्यंत सोडतो."

"नको. दारात सगळे खिडकीला नाक लावून बसले असतील आज. दोन न्यायाधीशांच्या गाडीतून उतरले तर म्हणतील, निकाल असा लागला होय! कशी आलीस विचारलं तर काय सांगू मी?"

"बसने आले म्हणून सांगा," मॅलकी म्हणाला.

डीलिया उतरता उतरता थांबली. "तुम्हाला खोटं बोलायला अजूनही जमत नाही. बस बंद आहेत आज, गावाला माहीत आहे." तिने पिशवी काखेत मारली. आत लोखंड वाजलं. "चालत आले म्हणेन. इथून चालतच जातेय ना?"

दार बंद झालं. रस्ता निसरडा होता म्हणून ह्यूबर्टने मोठे दिवे लावून ठेवले. डीलिया कॅनव्हन त्या उजेडात तुरुतुरु निघाली, आणि मागे वळून न बघता हात हलवून सांगत राहिली, दिवे बंद करा, दिवे बंद करा.